पांढरीपांडे यांचा हँडब्रेक

चंदीगडला आमच्या सेक्टरात दर शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास एक छोटी मिरवणूक निघायची. पुढे सायकल-रिक्षा. रिक्षात मांडीवर रिकाम्या पिशव्यांची घडी धरून ताठ बसलेल्या नलूताई. मागे दहा-बारा फुटांवर, रिक्षाच्याच वेगाने, एक फिकट निळी जुनी गाडी. गाडीत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्यांचे यजमान, पांढरीपांडे. मंडईपाशी रिक्षा थांबली की गाडी थांबे. परत निघताना भाजीच्या पिशव्या गाडीत जात आणि नलूताई रिक्षात. म्हणजे कोबी गाडीने घरी यायचा आणि बायको रिक्षाने.

ते दिवस पंजाबातल्या दहशतवादाचे होते. एकाआड एका चौकात वाळूच्या गोण्या रचलेला पोलिसांचा नाका असायचा. एका बाईच्या मागे गोगलगाईच्या चालीने एक गाडी येते आहे, हे पोलिसांना कसं खपावं? त्यांनी एकदा पांढरीपांड्यांना उतरवलं.

"उस लेडी का पीछा क्यों कर रहे हो?"

"वो मेरी मिसेस है," पांढरीपांडे म्हणाले.

हवालदार रिक्षाकडे गेला. "बीबीजी, इनको जानते हो?"

नलूताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "जानती हूँ. पर बैठूँगी नहीं."

हवालदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "घर दा मामला है," असं सोबत्याला सांगितलं आणि दोन्ही वाहनं सोडून दिली. पुढच्या शनिवारपासून तो आधी रिक्षाला आणि मग गाडीला हात करून जायला सांगू लागला. ट्रॅफिक पोलीस मंत्र्याच्या ताफ्याला करतो तसा.

पांढरीपांडे मूळचे नागपूरचे. सेक्टर तीसमधल्या संशोधन-संस्थेत उपकरणं बनवायच्या विभागात होते. तिथे म्हणे केसाच्या जाडीचेही भाग करून मोजतात. सरकारी क्वार्टर्समध्ये ते खाली राहायचे आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर. त्यांचं आडनाव पंजाबात कुणालाच झेपलं नाही. पोस्टमन, दूधवाला, शेजारचे सोढीसाहेब, सगळ्यांनी ते कापून 'पांडेजी' केलं होतं. दर होळीला कुणीतरी हमखास विचारायचं, "पांडेजी, आप बनारस साइड से हो?" ते अकरा वर्षं तितक्याच शांतपणे सांगत आले, "नहीं जी, नागपूर. संतरे वाला."

माझं म्हणाल तर मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत आस्थापना विभागात होते आणि आमच्या मराठी मंडळाची चिटणीस होते. मला यादी केल्याशिवाय झोप येत नाही. गणपतीच्या पाटापासून ते बदली झाली तर आधी कुठलं खोकं बांधायचं इथपर्यंत माझ्या याद्या तयार असत. त्यामुळे पांढरीपांडे आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं. दोघांनाही कुठलीही गोष्ट अंदाजे केलेली चालत नसे.

त्यांना गाडीत एकाच गोष्टीत रस होता, आणि ती म्हणजे हँडब्रेक. इंजिन, रंग, गाडी लिटरला किती पळते, यांतलं काही त्यांना ठाऊक नसे. "गाडी चालवणं कोणालाही जमते वहिनी," ते म्हणायचे. "ती उभी राहते का, ते पाहा न."

कुणी पाहुणा गाडी घेऊन आला की हे नमस्कार करता करता त्याच्या गाडीशी जात, खिडकीतून हात घालून हँडब्रेक खाली सोडत, मग सावकाश वर ओढत. ओढताना तो कट-कट वाजतो, ते मोजत. तिसऱ्या कटाला चाक जड व्हायला हवं आणि पाचव्याला पक्कं धरायला हवं, हा त्यांचा नियम होता. माणसांची ओळखही ते तशीच करून द्यायचे. "हे आपले कुलकर्णी. हवाई दलात आहेत. माणूस चांगला आहे, पण आठ कट." मंडळाच्या एका कोजागिरीला त्यांनी मैदानावरच्या सगळ्या गाड्या तपासल्या आणि दूध घोटायच्या वेळी निकाल सांगितला. पाच कटवाल्या फक्त दोन निघाल्या. पैकी एक त्यांची स्वतःची.

यातली गंमत चंदीगड पाहिलेल्यांना लगेच कळेल. चंदीगड परातीसारखं सपाट आहे. तिथे गाडी नुसती उभी करून पेन्शन घेऊन आलं तरी ती जागची हलत नाही. पण पांढरीपांडे हँडब्रेक ओढत, गाडी गियरमध्ये ठेवत आणि वर चारही चाकांना विटा लावत. विटांची भुकटी अंगणात सांडते म्हणून नलूताईंनी त्यांना जुन्या चादरीचे अभ्रे शिवून दिले होते. एकदा ते त्यांतल्या दोन विटा रस्त्याच्या कडेला विसरून ऑफिसला गेले. कापडात शिवलेली दोन जड, चौकोनी, बेवारशी गाठोडी. अशा वस्तूंना हात लावू नका, हे तर रेडिओवर रोज सांगत. तासाभरात गल्ली रिकामी झाली, शिट्ट्या वाजल्या, जीप आली. अखेर सोढीसाहेबांनी बाल्कनीतून ओरडून सांगितलं, "ओ जी, कुछ नहीं, पांडेजी की ब्रेक है." फौजदाराने काठीने अभ्रा उसवला. आत वीट. नंतर त्या अभ्र्यांवर नलूताईंनी लाल दोऱ्याने 'वीट' असं हिंदीत भरतकाम करून दिलं. म्हणजे 'ईंट'. आम्ही कौतुकाने पाहून आलो.

या सगळ्याचं कारण आम्हाला माहीत होतं, निदान तसं आम्ही समजत होतो. दोन वर्षांपूर्वी हे दोघं मनीमाजऱ्याच्या बाजारातून गाडीने परत येत होते. पुलाच्या चढावर नाका होता. जवानांनी पांढरीपांड्यांना खाली उतरवलं, हात वर करून बाजूला उभं केलं, आणि डिकी उघडायला सांगणार इतक्यात गाडी नलूताईंना घेऊन मागे निघाली. हँडब्रेक ओढलेला होता, पण सैल होता. पाच-सहा फूट गाडी मागे आली, मग एका जवानाने चाकाखाली वाळूची गोणी टाकली आणि ती थांबली. पांढरीपांडे ही हकीकत एवढीच सांगत. नलूताई घरी आल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "आजपासून मी ह्या गाडीत बसत नाही."

खरं तर गाडी घेतली होतीच मुळी नलूताईंसाठी. आमच्या गच्चीवरून उत्तरेला डोंगर दिसतात. पाऊस पडून गेला की रात्री कसौलीचे दिवे मोजता येतात. नागपूरच्या सपाटीत वाढलेल्या नलूताईंना त्या डोंगरांचं वेड होतं. "एकदा वर जाऊन खाली पाहायचं आहे, आपलं घर दिसते का," असं त्या वाळवण घालताना म्हणायच्या. बसचं नाव काढलं तर त्यांना पहिल्याच वळणावर मळमळायचं. म्हणून ही गाडी. आणि आता पांढरीपांडे मार्चअखेर निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं, सामान बांधायचं, नागपूरला कायमचं परत जायचं. त्याच्या आत नलूताईंना त्या गाडीत बसवून कसौली दाखवायची, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला करायची होती. त्यासाठी दर रविवारी सकाळी हँडब्रेक.

हे काम दोघांचं आहे. मागची चाकं जॅकवर उचलायची, पुढच्या चाकांना विटा लावायच्या. एकाने गाडीखाली जाऊन केबलचा नट आवळायचा आणि चाक हाताने फिरवून पाहायचं. दुसऱ्याने आत बसून हँडब्रेक एकेक कट वर ओढायचा. नलूताई तर गाडीला हात लावत नसत. आमचे हे पहिल्या रविवारी गेले आणि कट मोजायला चुकले, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं. तेव्हापासून ते माझं काम झालं. मी साहित्याची यादी करून त्यांच्या गॅरेजच्या दारावर आतून चिकटवली: जॅक, विटा चार (अभ्र्यांसह), पाने दोन, सतरंजी, वायरब्रश, जुनं बनियन. शेवटी मी 'चहा' असंही लिहिलं होतं. त्यापुढे पांढरीपांड्यांनी 'नऊ वाजता' अशी भर घातली.

"एक ओढा," सतरंजीवरून आवाज यायचा.

"एक."

"दोन. थांबा. आता तीन. हां, लागून राहिला बघा. चार."

"चार."

"पाच. आता मी फिरवतो. नाही फिरत. पक्का. सोडा."

मी हँडब्रेक सोडला की चाक पुन्हा सुटं फिरायला हवं. ते फिरलं की पांढरीपांडे गाडीखालून बाहेर येत, बनियनला हात पुसत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणत, "झाला न बाप्पा. आता डोंगरावर उभी करा."

खिडकीतून कढईत मोहरी तडतडल्याचा आवाज येई.

एका रविवारी त्यांनी तो इतका आवळला, की सोडला तरी चाक घासतच राहिलं. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "थोडा घट्ट असलेला बरा. तेवढीच नलूची खात्री होईल." पुढच्या शनिवारी मिरवणूक निघाली तेव्हा गाडीच्या मागच्या चाकांतून आधी वास आला आणि मग धूर. नलूताईंच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं आणि जीव खाऊन पायडल मारलं. इतक्या वेगाने नलूताई मंडईला कधीच पोचल्या नव्हत्या. सोढीसाहेबांनी स्कूटर थांबवून चाकापाशी हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"पांडेजी, तुसी ब्रेक लाई है कि ताला?"

पांढरीपांडे खजील झाले, पण पूर्ण नाही. "थांबते न पण," ते म्हणाले.

फेब्रुवारी निम्मा झाला. माझ्या वहीत 'पांढरीपांडे निरोप समारंभ' असं पान उघडलं गेलं. श्रीफळ, शाल, फोटो, जेवणाचा बेत. ते लिहिताना माझ्या लक्षात आलं, की हा माणूस कसौली न दाखवताच जाणार. मला अपूर्ण कामं सहन होत नाहीत. मी एक वेगळी यादी केली आणि ती घेऊन नलूताईंच्या स्वयंपाकघरात गेले. त्या तीळ निवडत होत्या.

"नलूताई, मुद्देसूद बोलते. एक, ब्रेक आता पाचव्या कटाला धरतो, मी स्वतः ओढते. दोन, केबल नवी आहे. तीन, सोढीसाहेबांनी गाडी ढकलून पाहिली आहे, जागची हलली नाही. चार, आम्ही दोघं मागे बसणार. भीती वाटायचं काही कारण उरलेलं नाही."

नलूताईंनी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मला कशाची भीती? कर्फ्यू उठला की दूध आणायला पहिली मी जाते. गाडी सरकून सरकून किती सरकेल? त्या दिवशी पाच फूट सरकली. मी आत आरामात बसून होती."

"मग?"

"त्यांनी तुला काय सांगितलं? जवानाने गोणी टाकली?"

"हो."

"गोणी मागाहून टाकली." त्या थोडा वेळ तिळांतून बोट फिरवत राहिल्या. "गाडी हलली तसे हे धावले, शैला. तो जवान ओरडून राहिला, हिलना मत, हिलना मत. आणि हे धावून राहिले. गाडीच्या मागे गेले आणि पाठ लावून उभे राहिले. एवढा मोठा पत्रा, आणि हा माणूस पंचावन्न किलोचा. मी मागच्या काचेतून पाहिलं तर मला ह्यांचं टक्कल दिसलं आणि त्याच्या पलीकडे तीन बंदुका. तिन्ही ह्यांच्यावर. एकाचं बोट जरी हललं असतं." त्यांनी ताट खाली ठेवलं. "मी गाडीत नसली तर हे धावणार नाहीत. गाडी जाऊ दे नाल्यात."

माझ्या यादीत हे कुठेच नव्हतं. मी कागदाची घडी करून पदराआड धरली.

"हे त्यांना सांगितलंत?"

"काय सांगू? ते समजतात मी ब्रेकला भिते. समजू दे. रविवारचे घरी तरी असतात."

"सांगा," मी म्हटलं. "मी उद्या ओढायला येत नाही. माझा हात दुखतो आहे."

"कोणता हात?"

"जो लागेल तो."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला उभी राहिले. त्या दिवशी मी प्रत्येक रुमाल दोनदा झटकला. खाली जॅकवर गाडी होती आणि गाडीखालून पांढरीपांड्यांचे दोन पाय बाहेर आले होते. नलूताई पदराला हात पुसत आल्या आणि त्या पायांसमोर उभ्या राहिल्या.

"अहो."

"वहिनी नाही आल्या?" पायांनी विचारलं.

"हात दुखतो तिचा. मला एक सांगा. गाडी सरकली तर तुम्ही धावणार नाही. जागेवर उभे राहणार. तसं कबूल करा, मी बसते."

पान्याचा आवाज थांबला.

"तू आत असली तरी?"

"मी आत असली तरी."

एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवला.

"ते नाही जमणार, नलू."

"बंदूक असली तरी?"

"तेव्हा बंदूक दिसली कुठे मला. तू दिसून राहिली होती."

नलूताई वर, आमच्या बाल्कनीकडे पाहतील असं वाटून मी चादरीच्या मागे झाले. त्यांनी वर पाहिलं नाही. त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, दार उघडलं, आत बसल्या आणि साडी सावरली.

"मग नीट आवळा तरी," त्या म्हणाल्या. "ओढू का?"

"ओढ," गाडीखालून आवाज आला. "सावकाश. एक."

मार्चच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं कसौलीला गेलो. निघण्याआधी नलूताईंनी नेहमीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं, आज येऊ नको. तो बिचारा, आजारी आहात का, असं विचारू लागला. पिंजोर, काल्का, परवाणू. परवाणूच्या नाक्यावर पांढरीपांडे उतरले, हात वर करून उभे राहिले, गाडी जागच्या जागी राहिली. जवानाने डिकी उघडली तर आत नलूताईंचे तिळाचे लाडू आणि 'ईंट' लिहिलेली चार गाठोडी. तो वाचून जरा थबकला, पण हसला नाही. नाक्यावर हसत नसत. एक लाडू मात्र घेतला.

वर पोचलो तेव्हा ऊन होतं आणि वारा गार. एका उतरत्या रस्त्याच्या कडेला पांढरीपांड्यांनी गाडी लावली. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. "मी जरा विटा लावून येतो."

आम्ही देवदारांखालून चालत कठड्यापर्यंत गेलो. खाली सगळं धुक्यात होतं, पण नलूताईंनी एका पांढुरक्या ठिपक्याकडे बोट दाखवून ते आपलं घर म्हणून ठरवून टाकलं आणि मीही लगेच मान्य केलं. बाजारात बन-समोसा खाल्ला. शाली पाहिल्या. तास झाला, सव्वा तास झाला, पांढरीपांड्यांचा पत्ता नाही.

"तुमचे यजमान विटा लावताहेत की भाजताहेत?" आमचे हे म्हणाले.

त्यांच्यासाठी कागदात समोसा बांधून घेतला आणि आम्ही परत आलो. वळणावरूनच गाडीची मागची बाजू दिसली. चाकांना विटा होत्या. आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते. अगदी मंद, विझत आलेले.

माझ्या आधी नलूताईंना कळलं. त्या चालता चालता थांबल्या. ब्रेकचं पेडल दाबलेलं असलं की ते दिवे लागतात. रस्त्यावर कुणी नव्हतं, गाडीत दुसरं कुणी नव्हतं, हँडब्रेक पाचव्या कटाला होता, आणि हा माणूस सव्वा तास आत बसून पायाने ब्रेक दाबून धरत होता. समोरचा डोंगरसुद्धा त्यांना नीट दिसत नव्हता, मधे एक टपरी होती.

नलूताईंनी काचेवर टकटक केलं. "काढा आता पाय."

"असू दे न," ते म्हणाले. "नवीन जागा आहे. उतार माहीत नाही आपल्याला."

पाय काढला तेव्हा तो इतका आखडला होता की त्यांना हाताने उचलून बाजूला ठेवावा लागला. बॅटरी मुळात जुनी, त्यात एवढा वेळ दिवे. किल्ली फिरवली तर नुसतं टिक झालं. आता एकच उपाय होता. विटा काढायच्या, हँडब्रेक सोडायचा, गाडी उतारावरून तशीच जाऊ द्यायची आणि वेग आला की गियर टाकून इंजिन चालू करायचं.

पांढरीपांड्यांचा चेहरा पांढरा पडला. "नलू, तू यांच्यासोबत थांब. मी खाली चालू करतो, मग तू ये."

नलूताई दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मी आणि ह्यांनी विटा काढल्या. आत दोघांच्या मधे हँडब्रेक. पांढरीपांडे त्याच्यावर हात ठेवून बसले होते आणि तो हात हलत नव्हता. मग नलूताईंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि हँडब्रेक खाली सोडला.

गाडी आवाज न करता निघाली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि मग खालून इंजिन लागल्याचा आवाज आला.

आम्ही प्रत्येकी दोन विटा काखेत घेऊन फर्लांगभर उतरलो. गाडी एका सपाट जागी कडेला उभी होती, इंजिन धडधडत होतं. दोघं पुढे बघत बसले होते. मी मागचं दार उघडलं तसं नलूताई हळू आवाजात म्हणाल्या, "घाई करू नका. थोडं थांबून जाऊ. ह्यांचं अंग अजून कापून राहिलं."

"थंडी आहे न," पांढरीपांडे म्हणाले.

नलूताईंनी त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. "हो," त्या म्हणाल्या. "थंडीच आहे."